स्वस्त बंदुकीला मी उगाच शिव्या घातल्या

मंडळी, आज डोकं फिरलंय.

गेल्या आठवड्यात मी इथे दोन स्वस्त सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनची तुलना टाकली होती. दोन्हींचं काडतुसं भरायचं मॅगझिन सुटं निघणारं, किंमतही जवळपास सारखी. क्लबमधल्या देशपांडेची सुरळीत चालली, माझी दर तिसऱ्या बाराला अडकली. "भंगार आहे, घेऊ नका," असं मी ठणकावून लिहिलं. तुमच्यातल्या दोघांनी माझं ऐकून बेतही रद्द केला.

आज सकाळी क्लबवर गेलो. सिंगापूरमध्ये बंदूक घरी नेता येत नाही, ती क्लबच्या शस्त्रागारातच राहते. तिथल्या अंकल लिमनी माझं मॅगझिन उघडून टेबलावर झटकलं. आतून कुंकू लावलेले तांदूळ पडले!

"यू पुट चिकन राइस इनसाइड, आह?"

लाजेने मेलो. तुलनेच्याच दिवशी खंडेनवमी होती आणि साताऱ्याहून आलेले आमचे आबा सोबत होते. मी फॉर्म भरत असताना त्यांनी खिशातली पुडी काढून माझ्या बंदुकीची पूजा उरकली होती. बाजूच्या रिकाम्या मॅगझिनवरही अक्षता!

घरी येऊन मी आवाज चढवला. "आबा, तुमच्या पूजेमुळे सगळी तुलनाच चुकली!"

आबा शांतपणे म्हणाले, "मग देशपांडेंच्या बंदुकीचीही करतो. होऊ दे बरोबरी."

अजून धुमसतोय. पण खरं सांगू? आबांनी बंदुकीला हात तरी जोडले. मी आठवडाभर तिला नुसत्या शिव्या घातल्या, मॅगझिन एकदाही उघडून पाहिलं नाही. सांगा, भंगार कोण?