चक्राचा मध्य आणि माझं टाळकं

आमच्या घरात गोल सगळ्यांना काढता येतो. मध्य कुणालाच सापडत नाही.

दरवर्षी आमचा गणपती नायगावला, काकांच्या टॉवरमध्ये बसतो. यंदा काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून तो फुलपाड्याला आमच्या घरी यायचं ठरलं. काका फोनवर म्हणाले, "साधंच कर रे. तुला झेपेल तेवढंच!" झालं! बाबा दुपारी जेवून आडवे झाले ते स्वप्न घेऊनच उठले.

"बाप्पाच्या मुकुटावर सोनेरी चक्र फिरत होतं," डोळे अर्धवट मिटूनच ते म्हणाले. "हळूऽहळू. भरतीच्या खाडीवर ऊन कसं हलतं ना, तसं."

"झेपेल तेवढंच हलत होतं ना?" मी हुबेहूब काकांच्या आवाजात विचारलं. (नकला हा माझा एकमेव गुण.) उशी आली. चुकवली.

आईची मोठी परात उपडी घालून प्लायवर पेन्सिल फिरवली, गोल कापून घेतला, सोनेरी कागद लावला. आता मोटरसाठी बरोब्बर मध्ये भोक पाडायचं. पण परातीला मध्याची खूण कुठे असते?

"दिसतंय की डोळ्यांनी!" म्हणत बाबांनी ड्रिल चालवलं.

बाप्पा अजून यायचे होते, म्हणून ट्रायलला त्यांच्या जागी पाटावर मी. मागे उभं लावलेलं चक्र डोक्याच्या चार बोटं वर. बटण दाबलं. चक्र फिरलं, पण लंगडत! वर गेलं, खाली आलं... टण्ण!

"बाबा, लागलं!"

"हलू नकोस. बाप्पा हलतात का?"

ताई म्हणाली, जरा डावीकडे. नवीन भोक. टण्ण! आई म्हणाली, नाही हो, वरती घ्या. टण्ण! मग मीही एक पाडलं. ते तर दोनदा लागलं! अशा आणखी दोन-तीन फेऱ्या झाल्या. चक्राची चाळण झाली आणि माझ्या टाळक्यावर छोटासा मोदक उगवला.

"त्याचं राहू दे हो," आई म्हणाली, "पण उद्या मुकुटाला लागलं तर?"

बाबा खाली बसले. स्क्रू काढायला लागले. "साधंच करू," ते हळूच म्हणाले. "झेपेल तेवढंच."

या वेळी हे कुणी काकांच्या आवाजात म्हटलं नव्हतं. मला कसंतरीच झालं. त्यांना हसवायला मी माझा हुकमी आयटम काढला, शाळेतल्या भूमितीच्या बाई! पदर खोचला (टॉवेलचा), चष्मा नाकावर आणला (हवेतला). "मुलांनोऽ! जीवा कुठेही काढा. तिच्या मध्यावर काटकोनात रेष उभी करा. ती केंद्रातूनच जाणार! कुठे जाईल बिचारी?"

"थांब! काय म्हणालास?" ताई ओरडली.

"कुठे जाईल बिचारी?"

"त्याच्या आधी, गाढवा!"

शाळेत ही नक्कल मी इतक्या वेळा केली होती, पण बाई सांगतायत काय ते कधी ऐकलंच नव्हतं! ताईने गोलाच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक रेष ओढली. दोरा दुमडून तिचा मध्य काढला, पंचांगाचा कोपरा लावून काटकोनात दुसरी रेष उभी केली. मग तसंच सगळं भलतीकडे एकदा. दोन उभ्या रेषा एकमेकींना जिथे भेटल्या तिथे बाबांनी श्वास रोखून भोक पाडलं. मी डोळे मिटून पाटावर बसलो.

टण्ण आलंच नाही. नुसता वारा लागला केसांना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका-काकूही आले, आरती झाली आणि आईने ट्यूब बंद केली. चक्रामागे फक्त एक बल्ब. चक्र हळूहळू फिरायला लागलं आणि छतावर, भिंतीवर, काकूच्या गुडघ्याच्या पट्ट्यावरसुद्धा उजेडाचे थेंब तरंगायला लागले. आमची सगळी चुकलेली भोकं! बरोबर होतं ते एकच, आणि तेवढंच मोटरच्या दांड्याने बुजलेलं. बाबा स्वप्नात पाहावं तसं वर बघत होते.

काकांनी उजेडाचा एक थेंब तळहातावर घेतला. मग म्हणाले, "तारे! अरे, काय डोकं लावलंय!"

"याचं," बाबांनी माझ्याकडे बोट केलं. (शब्दशः खरं होतं!)

"पुढच्या वर्षी नायगावला असंच पाहिजे. भोकं याच जागी हवीत हं. पाडशील ना?"

मी टाळक्यावरचा मोदक चाचपला. "काका, मध्य काय, कुणीही काढेल. चुकीची जागा इतकी अचूक काढायला मीच लागतो!"