गिनतीत एक जास्त

“मेलास तू. अरे मेलास, पड की खाली!”

उस्ताद ओरडत होता आणि मी पडत नव्हतो. त्याचा आवाज असा, की तिकडं मंठ्याच्या बाजारात उभे बैल खाली बसले असतील. माझी पडायला ना नव्हती, पण एकदा पडलो असतो तर उठवायला मोसंबीच्या ट्रकवरचे हमाल बोलवावे लागले असते. डोक्यावर हेल्मेट, अंगात गादीएवढं चिलखत, हातात ढाल आणि वर एप्रिलचं ऊन. हेल्मेटच्या आत भाकरी भाजून निघाली असती, वर पापुद्राही सुटला असता.

“कैद्यानं तुला मागून भोसकलं. मेलेला माणूस उभा राहतो का?”

“उस्ताद, आमच्याकडं राहतो,” मी म्हणालो. “ड्युटी संपेपर्यंत.”

पोरं हसली. उस्ताद हसला नाही. वयानं तो माझ्या जावयाएवढा, पण परेडीच्या मैदानात उस्तादाला वय नसतं, त्यामुळं तो सगळ्यांना अरे-तुरे करायचा.

तोवर आमच्या जेलात पथक म्हणजे झडतीचं पथक. गाद्या झटकायच्या, तंबाखूच्या पुड्या काढायच्या, झालं. मग वरून आदेश आला की शीघ्र कृती पथक उभं करा. आत दंगा झाला, कुणी पळालं, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचणारं. त्यासाठी प्रशिक्षण केंद्रातून उस्ताद आला. पथकात सगळी नवी भरती झालेली, रबरासारखी पोरं, आणि त्यांच्यात मी. माझे गुडघे धावताना असे वाजायचे, की पुढच्याला वाटायचं मागं कुणी फुटाणे भाजतंय.

मला कुणी ढकललं नव्हतं. मी स्वतः नाव दिलं होतं. बदल्यांच्या यादीत माझं नाव असल्याचं कानावर आलं होतं, आणि आमचे सुभेदार चहा पिता पिता म्हणाले होते, “पथकात घुस. शिकवून तयार केलेला माणूस सरकार हलवत न्हाई.” बायकोचं डायलिसिस चालू होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी मोटारसायकलवर मागं बसवून मी तिला दवाखान्यात न्यायचो. ती आत सुई लावून पडायची आणि मी बाहेरच्या बाकड्यावर घोरायचो, असा घोरायचो की नर्स दार लावून घ्यायची. पोरगी टेंभुर्णीला, तिच्या संसारात. दुसरं कुणी नव्हतं. मला पथकात पास व्हायचं होतं ते एवढ्यासाठी.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. अधीक्षक साहेब खुर्ची टाकून बसले. उस्तादानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तू धावू नको. तू पळालेला कैदी. वर्दी काढ, साधे कपडे घाल आणि आत कुठंही लप. भिंतीबाहेर जायचं नाही. पथकाला पटकन सापडलास तर नापास. दमवलंस तर पास.”

दमवणं मला जमण्यासारखं होतं. आयुष्यभर मी दुसरं काय केलंय, हे बायकोला विचारा.

मी साधे कपडे चढवले तेवढ्यात परीक्षेची पगली घंटी झाली. आमच्याकडं धोक्याच्या घंटेला पगलीच म्हणतात. ती वाजली की एक रिवाज आहे: असतील तिथले सगळे बंदी बराकीत जातात आणि जोडी-जोडीनं उकिडवे बसतात, मान खाली घालून. मग सुभेदार डोक्यांवरून हात फिरवत गिनती घेतात. पोरं ढाली वाजवत स्वयंपाकघराकडं पळाली. मी पाण्याच्या टाकीमागं जावं म्हणून निघालो, पण गुडघ्यानं साफ नकार दिला. समोर कच्च्या कैद्यांच्या बराकीचं दार उघडं होतं, आणि त्यांच्या अंगावर घरचेच कपडे असतात. बंदींच्या घोळक्याबरोबर मी आत शिरलो.

आष्टीकडचा एक म्हातारा एकटाच बसला होता. बांधाच्या भांडणात आत आलेला. त्याचा जोडीदार सकाळीच जामिनावर गेला होता. मी त्याच्याशेजारी टेकलो.

“हवालदार, तुम्ही इथं?” म्हातारा कुजबुजला. “काय केलं म्हणायचं तुम्ही?”

“काही न्हाई केलं.”

“आम्ही बी सगळे तेच म्हणतो,” तो म्हणाला. “मान खाली घाला. वर पाह्यलं की वळखतेत.”

दाराला कडी पडली. सुभेदार आले. या माणसाबरोबर मी इतकी वर्षं एका ताटात जेवलो, की त्याला कोणतं लोणचं बाधतं हेही मला माहीत. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पुटपुटला आणि पुढं गेला. मी आतल्या आत इतका हसलो की बरगड्या दुखल्या. पुढच्या क्षणी हसू राहिलं नाही. खाकी नव्हती, मान खाली होती, एवढ्यात काम झालं होतं.

बाहेर बोंब उठली. पथकाला पळालेला सापडत नव्हता. पोरांनी टाकीत बांबू घातले, पिठाची पोती उचकली, एकानं तर म्हणे तव्याखाली वाकून पाहिलं. आत सुभेदारांचा हिशेब जुळेना.

“एक जास्त येऊन राह्यला,” ते शिपायाला म्हणाले.

“जास्त कसा येईल, सुभेदार साहेब? बाहेर तर एक कमी हाय.”

“तेच म्हणतो मी. परत घेऊ.”

बाहेर एक सापडत नाही, आत एक जास्त येतो, आणि ही दोन टोकं कुणी एकमेकांना लावेना. आमच्या धंद्यात सगळी भीती कमी पडायची. कमी आला तर काय करायचं, हे झोपेत उठवून विचारलं तरी कुणीही सांगेल. जास्त आला तर काय, हे त्या भिंती बांधल्यापासून कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्यांदा हात फिरला. पुन्हा एक जास्त. गिनती जुळल्याशिवाय दार उघडत नाही, त्यामुळं साहेबही खुर्चीत अडकले. माझ्या मांड्यांत आता गोळे आले होते. उठलो असतो तर सुटलो असतो. मनात मंगळवार धरून बसलो.

“उठा की,” म्हातारा म्हणाला. “तुमच्यापायी आमची आमटी थंडी होऊन राह्यली.”

“उठलो तर नापास.”

“आन् बसला तर?”

मी मान आणखी खाली घातली. 

तिसऱ्यांदा सुभेदार आले ते दमलेले. ओळीनं हात फिरवत आमच्यापर्यंत पोचले, म्हाताऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्या डोक्यावरून तसाच उचलून पुढच्या जोडीवर नेला. मग जाहीर केलं, “बराबर.” समोर बसलेला असताना मला त्यांनी गिनतीतून काढून टाकलं होतं.

दार उघडलं. मैदानात उस्तादाचा आवाज आला, पहिल्यांदाच बसलेला. “जिथं असशील तिथनं ये बाबा. पास केलं.”

मी उठलो म्हणण्यापेक्षा म्हाताऱ्यानं मला उपटलं. सुभेदार वळले आणि मला म्हणाले, “तू कधी आल्ता?” 

साहेबांनी सगळ्या पथकाला पास केलं. सापडलो नाही म्हणून मलाही. मग म्हणाले की हे पथक आपल्या एकट्या जेलाचं नाही, राज्यात जिथं गरज पडेल तिथं जायचं. पहिली मागणी विदर्भातून आली आहे, सोमवारी निघायचं, मुक्काम दिवाळीपर्यंत धरा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी सुभेदारांकडं पाहिलं. ते किल्ल्यांचा जुडगा तपासत होते.

घरी आलो. जेवताना बायकोला सगळं सांगितलं. सांगताना पिठाची पोती गोदामभर झाली, साहेब खुर्चीतून पडले, आणि मी बराकीत संध्याकाळपर्यंत बसलो. ती भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. शेवटी विदर्भाचं सांगितलं, तिथं मात्र मला काही वाढवता आलं नाही.

तिनं तुकडा ताटात ठेवला.

“मी रिक्षानं जाईन,” ती म्हणाली.