पाकीट मी फोडलं

पाकीट मी फोडलं. उगाच दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. वर इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे फक्त बंगळूरच्या रजिस्ट्रारांनी उघडायचं. मी ते चष्मा लावून वाचलं आणि मग स्वयंपाकघरातल्या सुरीने फोडलं. कारण एकच. आमच्या घरातून कुठलाही कागद झेरॉक्स काढल्याशिवाय बाहेर जात नाही. एका शाळेच्या कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. प्रत नसलेला कागद दिसला की मला कसंसंच होतं.

आत एकच पान होतं. आमच्या मुलीचं नाव महाराष्ट्राच्या फार्मासिस्टांच्या नोंदवहीत होतं, ते तिच्या विनंतीवरून काढलं आहे, तिच्याविरुद्ध तक्रार नाही, कर्नाटकाने घ्यायला हरकत नाही, एवढाच मजकूर. मी तीन प्रती काढल्या.

मुळात तिचं नाव महाराष्ट्रात गेलं तेही माझंच कर्तृत्व. ती कोल्हापूरला मावशीकडे राहून बी. फार्म. झाली. आम्ही पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचे. कोल्हापूरकडे जाणं होतं ते चार-पाच वर्षांतून एकदा, कुलदेवतेला. त्यामुळे गेलो की ‘आलोच आहोत तर’ म्हणून सगळं उरकायचं: देवीची ओटी, पुढच्या कुणाच्या तरी लग्नाची साडी, काकवीचा डबा, रुसलेले दोन नातेवाईक. पदवीदानाला गेलो तेव्हा त्या यादीत मी फार्मासिस्टची नोंदणीही घातली, मावशीचा पत्ता देऊन.

मुलगी म्हणत होती, “अप्पा, मला म्हैसूरलाच काम करायचंय. तिकडेच करू की.”

“आलोच आहोत तर करून टाकू,” मी म्हणालो.

एका वेळी एकाच राज्यात नाव ठेवता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. थेट इथे अर्ज केला असता तर ही वरात निघालीच नसती.

आता कुवेंपुनगरातल्या एका दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर तिला जागा मिळत होती. तिथल्या मुख्य फार्मासिस्ट बाईंनी सांगितलं होतं, पहिल्या तारखेला कर्नाटकाचा नोंदणी नंबर घेऊन या. नंबराशिवाय काउंटरवर उभं करता येत नाही. महाराष्ट्राने सोडलेली आणि कर्नाटकाने अजून न घेतलेली आमची मुलगी त्या पाकिटाच्या भरवशावर बसली होती.

मी पाकीट फेविकॉलने चिकटवलं. सुरकुत्या पडल्या म्हणून वरून इस्त्री फिरवली. तेवढ्यात बायको आली.

“अय्यो! रोज शर्टाला फिरवा म्हणते तर वेळ नसतो, आणि पाकिटाला इस्त्री?”

मग सगळं बाहेर आलं. मुलीने पाकीट उलटंपालटं करून बघितलं. रागावली नाही, त्यानेच मला जास्त घाम फुटला.

“अप्पा, सील तुटलेली बाटली मी पेशंटच्या हातात देईन का?”

“बाटली वेगळी. हे पाकीट आहे.”

“तेच आहे.”

तरी नशीब बघू म्हणून दोघं बंगळूरला गेलो. गाडीत मी तीन कारणं तयार केली: उंदीर, दमट हवा आणि पोस्टखातं. खिडकीतल्या माणसाने पाकीट उजेडात धरलं आणि चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

“यारु ओपन माडिद्दु, सार?” कुणी उघडलं म्हणून त्याने कन्नडात विचारलं.

उंदीर माझ्या ओठांवर आला होता. पण मुलगी आधी बोलली, कन्नडातच. “आमच्या अप्पांनी. झेरॉक्ससाठी.”

त्या माणसाने माझ्याकडे सावकाश बघितलं. “मग झेरॉक्स आणलीय?”

मी तत्परतेने तिन्ही प्रती पुढे केल्या. तो इतका हसला की शेजारच्या खिडकीतल्या बाईही वाकून बघायला लागल्या. प्रती त्याने परत दिल्या, पाकीटही परत दिलं. “ह्याचा उपयोग नाही, सार. नवीन पत्र मागवा. ह्या खेपेला त्यांना सरळ आमच्याकडे पाठवायला सांगा. तुमच्या घरावरून नको.”

येताना गाडीने मंड्या स्टेशन सोडलं. तेव्हा मुलगी म्हणाली, “दवाखान्यात मी सांगते. तुम्ही येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी ती जाऊन आली. बाई पंधरा तारखेपर्यंत थांबणार होत्या, त्यापुढे दुसरी मुलगी घेणार. तोवर हिने आतल्या खोलीत मुदत संपलेली औषधं निवडून वेगळी ठेवायची. काउंटरकडे फिरकायचं नाही. महाराष्ट्रातल्या कचेरीशी ती स्वतःच बोलत राहिली. रोज जेवणाच्या सुट्टीत एक फोन. मी दोनदा सुचवलं, “मी बोलू का? कचेरीची भाषा मला येते.” दोन्ही वेळा “नको अप्पा” असं, प्रेमाने पण दार लावल्यासारखं, उत्तर मिळालं.

बारा तारखेला पत्र बंगळूरला पोचल्याचं कळलं. तेराला सकाळी मी बूट घालून तयार झालो, तर ती पहाटेच्याच गाडीने निघून गेली होती.

संध्याकाळी आली. कर्नाटकाचा नंबर मिळाला होता. तिने वाटेतच बाईंना कळवलंही होतं. दुसऱ्या दिवसापासून काउंटर. मी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः समोर सरसावून बसलो.

“हं, सांग. तोच माणूस होता? काय म्हणाला? माझी आठवण काढली का?”

“काही नाही अप्पा. पत्र आलं होतं. त्यांनी मूळ कागद बघितले, सही घेतली, नंबर दिला. आले.”

“एवढंच?”

“एवढंच की.” आणि ती पाय धुवायला गेली.

बायको अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिला म्हणालो, “बघ. दिवसभर बंगळूरला जाऊन आली आणि सांगण्यासारखं काही म्हणजे काही नाही!”

तिने मान वर केली नाही. “असंच असतं. ती गेली की काम होतं. तुम्ही गेलात की गोष्ट होते.”