शिलाई उसवली नव्हती

“मास्तर, साहेबाच्या देशात पुरुष नेसतात तो परकर आहे हा,” असं मी म्हणालो मात्र, मास्तरांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली.

मास्तर मूळचे दापोलीकडचे. कुवेतमध्ये फिंतासला त्यांचं शिवणाचं दुकान होतं. राग आला की ते आवाज चढवत नसत, टेप उतरवत. “पुरुषाचा असेल तर लुंगी म्हणा, भाऊ. मग बोलू.”

वस्तू होती किल्ट. एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. आमच्या तेल कंपनीतल्या स्कॉटिश साहेबाच्या नाचात एक गडी कमी पडत होता आणि नाही म्हणायची हिंमत नसलेला मी त्याला आयता सापडलो. आमच्या हिनं चौकड्याच्या लोकरी कापडाला घरीच नऊवारीसारख्या निऱ्या घातल्या. कमरेशी लावायला साहेबानं विलायतेची नवी चिकटपट्टी दिली, एका बाजूला बारीक काटे, दुसऱ्या बाजूला लव.

मास्तरांनी ती ओढून पाहिली. चर्रर्र. ते दचकले. “कापड फाटलं की हाच आवाज येतो. जन्मभर त्याला भ्यालो, आणि आता नुसतं उघडतानाही तोच ऐकू? आतून दोन हूक लावतो. दिसणार नाहीत.”

“नको. साहेबाला पट्टीच हवी.”

माझ्याकडे न बघता त्यांनी पट्टी चारी कडांनी दुहेरी शिवली.

नाचाच्या तिसऱ्या गिरकीला चर्रर्र झालं. लोकरीच्या तुसांनी काटे भरले होते. आत मी लेंगा दुमडून घातला होता म्हणून निभावलं. साहेबानं विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं, टेलरची शिलाई उसवली. त्या दिवसापासून कंपनीतल्या साहेबांचे कपडे मास्तरांकडे येईनात.

मास्तरांनी मला किल्ट घेऊन बोलावलं, तो नीट पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. “ओढा. दोन्ही हातांनी.” मी ओढला. धागा हलला नाही. “कामं गेली, जाऊ देत. पण उसवली म्हणालात? उसवते ती माझी शिलाई. सुटली ती तुमची पट्टी. जा, साहेबाला तेवढं सांगा.”

“इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, मास्तर,” मी म्हणालो. धडधडीत खोटं.

त्यांनी टेप उतरवली. पुन्हा माझं माप कधी घेतलं नाही, आणि गावी परतले तेही मला न सांगता.

परवा ट्रंकेतून तो किल्ट निघाला. निम्मं कापड कसरीनं खाल्लेलं, पट्टीची लव झडलेली. हिनं शिलाईवरून अंगठा फिरवला.

“एक टाका उसवलेला नाही,” ती म्हणाली. “सुटलात ते तुम्ही.”