पाहुण्यांसमोर आत्या

पोरी बघायला पाहुणे येणार म्हणलं, की मला शेतात धाडायचे. मला फिट येते ना! आमच्या बापालाही यायची. पाहुण्यांसमोर मी आडवी झाले तर "घराण्यातच हाय" असा बोभाटा होऊन सोयरीक मोडायची. दोन्ही बहिणींची लग्नं मी बांधावर बसूनच जमवली म्हणा की!

भावाची पोरगी नुकती चालायला लागली होती, तेव्हा तापात तिला झटके आले. भावजय किंचाळली. शेजारणी कांदा फोडून धावल्या, एकीनं तर हुंगवायला चप्पल आणली. मी ओरडले, "सरका बाजूला!" पोरीला कुशीवर वळवलं, तोंडात काही म्हणून घालू दिलं नाही. झटके थांबल्यावर दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बरोबर केलंत. शाळेत जायच्या वयात तिचे झटके बंद झाले. माझी गोळी मात्र चालूच आहे.

तीच पोरगी आता लग्नाची झाली. परवा भूमचे पाहुणे तिला बघायला येणार होते. रिवाजाप्रमाणं मी विळा उचलला, तशी ती दारात आडवी आली.

"आत्या, तुम्ही गेलात तर म्या बाहेर येणारच न्हाय."

भाऊ गोरामोरा झाला, पण तिच्यापुढं कुणाचं काय चालतंय! बैठकीत तिनं मला शेजारी बसवलं. मुलाची आई शिक्षण विचारणार, तेवढ्यात हीच बोलली, "ह्या माझ्या आत्या. ह्यांना फिट येते, गोळी चालू हाय. मलाबी लहानपणी तापात झटके यायचे, आता न्हाईत. लग्नानंतर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं."

मुलाच्या आईनं हातातला कप खाली ठेवला. पोरीचं जमत आलेलं मोडतंय म्हणून माझ्या काळजाचं पाणी झालं. पण खरं सांगते, छातीही अशी फुगली, की बास! "कळवतो" म्हणून पाहुणे उठले.

संध्याकाळी भावाला मध्यस्थाचा फोन आला. नकार! वर सल्लाही दिला, पुढच्या वेळी बहिणीला दोन दिवस अणदूरला देवाला धाडा.

 भाऊ फोनवरच त्याला म्हणाला, "पुढच्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. आमच्या घरी पहिल्यांदा पोरीच्या आत्याशी बोलावं लागंल, मग पोरीशी. जमत नसंल त्यांनी यायचे कष्ट घेऊ नयेत."

जन्मभर मला लपवणारा माझा भाऊ म्हणाला हे. माझा भाऊ!