गळाला बांधलेला काळा दगड

माझ्या वडिलांची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली, तेव्हा डॉक्टरांनी पायाचं आणि बोलण्याचं सगळं नीट समजावून सांगितलं. हाताबद्दल एवढंच म्हणाले, की हलेल थोडाफार, पण त्याला काही समजेल की नाही ते सांगता येत नाही. बाबांनी नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं.

तो हात साधा नव्हता. भरवेलीच्या खाणीत बाबांनी आयुष्यभर माल निवडला. मँगनीजचा दगड आणि नुसता दगड, धुळीनं दोन्ही काळेच. बाबा उचलायचे, तळहातावर किंचित झेलायचे आणि बाजूला टाकायचे. भारी तो माल, हलका तो कचरा. सुट्टीच्या दिवशी तोच हात वैनगंगेत गळ टाकायचा. काठी त्यांना कधी चालली नाही. तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, तर्जनीवर ताणून धरायची आणि नदीचा तळ बोटानं ओळखायचा. मी शेजारी बसून खिजवायची, "बाबा, आता काय लागलं?" ते म्हणायचे, "रेती. थांब. आता खडक." मला ते खरं वाटायचं नाही, पण ऐकायला फार आवडायचं.

आता मी बालाघाटला शाळेत शिकवते. आजारपणानंतर आई-बाबा माझ्याकडेच राहायला आले. बाबा डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवायचे आणि त्याच्याकडे बघत बसायचे. मला ते बघवत नसे. एक दिवस जड जिभेनं म्हणाले, "मले एकदा गळ टाकू दे. हात मेला का जित्ता आहे, नदीच सांगन."

आईनं कपाळाला हात लावला. मी मात्र वजनाच्या मागे लागले. गळ तळाशी जायला दोरीला वजन लागतं, आणि बोटाला जे काही कळतं ते त्या वजनाच्या ठोक्यातूनच.

बाबांचं वजन नेहमी शिशाचं. टायरच्या दुकानातून चाकाला लावायचे जुने तुकडे आणायचे आणि दातांनी दाबून दोरीवर बसवायचे. शिसं विषारी असतं, हे मी कानीकपाळी ओरडून थकले होते. या वेळी मीच पक्कड घेतली. घाटावर जाऊन शिसं सोडलं, दोरी त्यांच्या तर्जनीवर ठेवली. काही नाही. शिसं मऊ, खडकावर पडलं तरी गपकन बसतं. पुढच्या खेपेला लोखंडी नट बांधला. तो कपारीत अडकला आणि दोरी तुटली. ती सैल पडलेली मला दिसली. बाबा तसेच बोट ताणून बसले होते. मला त्या नदीचाच राग आला.

घरी तुळशीच्या कुंडीत आईनं भरवेलीहून आणलेले चार काळे दगड ठेवले होते. त्यातला एक, लिंबाएवढा, मी उचलला. मँगनीजचा दगड शिशाइतका भारी नाही. तेवढ्याच वजनाला तो मोठा घ्यावा लागतो आणि धारेत जरा वाहतो. पण कठीण असतो, खडकाला लागला की वाजतो. जळालेल्या पंख्यातली तांब्याची तार मी त्याला गुंडाळली. बाबांनी तो डाव्या हातानं उजव्या तळव्यावर ठेवला आणि झेलून बघायला गेले. दगड फरशीवर पडला.

"नाही समजत," ते म्हणाले. आई आत निघून गेली.

"चला तर खरं नदीवर," मी जरा चिडूनच म्हणाले.

घाटावर मी दगड लांब टाकला आणि दोरी पुन्हा त्यांच्या बोटावर ठेवली. बराच वेळ ते पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी डाव्या हातानं ती बोटावरून काढली. झालं, आता उठायचं, असं वाटून मी दोरी गुंडाळायला घेतली. त्यांनी मान हलवली. दोरी तोंडाकडे नेली आणि डाव्या बाजूच्या दातांत धरली.

"बाबा, दात!" मी सवयीनं ओरडले.

त्यांनी डोळे मिटले होते. दातांच्या मागे दोरीचा सैल भाग माझ्या हातात होता. मी तो हळूच ओढला, तसा दगड तळावरून सरकला. बाबांनी डावा तळवा पसरून सपाट फिरवला. रेती. अजून थोडं ओढलं. माझ्या बोटाला टक्‌ असं काहीतरी लागलं, आणि त्याच क्षणी बाबांनी मूठ वळली. खडक. मी पुन्हा ओढलं, पुन्हा. एकदाही ते चुकले नाहीत. मला रडू आवरेना, आणि आवरावंसंही वाटेना.

"काहून रडतेस?" दोरी तोंडातून काढून त्यांनी विचारलं. मग त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हा गेला," ते म्हणाले. "मी आहो."

आणि दोरी पुन्हा दातांत धरली.