वसमतला गेलेली बॅटरी

ते प्रकरण अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका मोटारीच्या बॅटरीच्या चोरीची साधी फिर्याद होती. तरी नोकरीत सगळ्यात जास्त कशानं शिकवलं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगतो. नावं घेत नाही. माणसं गेली, पण त्यांची लेकरं-नातवंडं त्याच भागात आहेत.

निजामाच्या अमलातली गोष्ट. मी हिंगोलीच्या ठाण्यात जमादार होतो. माझं गाव उदगीरकडं, तेव्हाच्या मानानं फार लांब. वर्ष वर्ष घरी जाणं व्हायचं नाही. शाळा चौथीतच सुटलेली. ठाण्याचं दप्तर उर्दूत असायचं, आणि ती लिहायला मला एका म्हाताऱ्या शिपायानं शिकवलं, त्याचे उपकार मी विसरलो नाही. पण रोजनामचा, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, लिहायला बसलो की एकेक शब्द दोनदा तपासायचो. शब्द चुकला तर अमीनसाहेब, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार, सगळ्यांपुढे वाचून दाखवायचे.

दसरा होऊन पंधरा-एक दिवस झाले असतील. कापसाचा एक व्यापारी सकाळीच ठाण्यात आला. त्याच्याकडं मोटार होती, तेव्हा साऱ्या गावात दोन-चारच असतील. त्याची फिर्याद अशी: गाडीत नवी कोरी बॅटरी घातली होती. दसऱ्यानंतर चार दिवसांत ती मेली. दिवे मिणमिण करायचे, हँडल मारल्याशिवाय गाडी उठेना. मग एका सकाळी पाहतो तर बॅटरीची जागाच रिकामी. दुसऱ्या दिवशी तिथं बॅटरी होती, पण तीही आठवड्यात मेली.

"माझी नवी इकली आन् कुठली तरी जुनी आणून बसवली," व्यापारी म्हणाला. "ड्रायव्हरशिवाय कोण करणार?"

त्याच दिवशी खबरही मिळाली. डोंगरकडा गावचा एक शेतकरी हळद घेऊन वसमतला गेला होता. त्यानं ड्रायव्हरला तिथं रेल्वेतून उतरताना पाहिलं होतं.

"पोत्यात गुंडाळलेलं, चौकोनी. लई जड," तो म्हणाला. "म्या म्हनलं, काय हाय रे? तर म्हने, काई न्हाई, आन् सटकला."

फिर्याद, खबर, दोन्ही बराबर जुळत होतं. ड्रायव्हरला धरून आणलं. पुसेगावकडचा धनगर, चाळिशीचा, सडपातळ. गावात मेंढरं सांभाळणारं सगळं घर आणि हा एकटाच मोटारीवर. गुन्हा लागला असता तर त्याचं लायसन गेलं असतं, आणि परत मेंढरांमागं जायचं म्हटलं तरी चोर म्हणूनच जावं लागलं असतं.

"बॅटरी कुठं विकली?" मी विचारलं.

"इकली न्हाई, साहेब."

"मग गाडीत हाय ती कोणाची?"

"मालकाचीच."

"नवी बॅटरी अशी मरती व्हय?"

"तेच तर म्या इचारून राहिलो कवाचा. पट्टा पाह्यला, तारा पाह्यल्या. आता तिलाच इचारावं, तर ती बोलत न्हाई."

शिपाई हसले. मला राग आला. वसमतला काय नेलं होतंस, हे विचारलं की मात्र तो खाली मान घालून गप्प. मी त्याला दोन थपडा मारल्या. तेव्हा ती रीतच होती, असं म्हणून मी सुटणार नाही. दोन दिवस तो कोठडीत होता. अमीनसाहेब जाता-येता विचारायचे, "क्यों जमादार, कबूल किया?" मोहतमीमसाहेबांची, जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांची, तपासणी तोंडावर आली होती आणि त्यांना कागद पुरा हवा होता.

एक गोष्ट मात्र मला टोचत होती. चोराकडं उत्तरं तयार असतात, खोटी का असेनात. हा माणूस कोठडीत बसून स्वतःच प्रश्न घोळवत होता. एकदा भाकरी द्यायला गेलो तर मलाच म्हणाला, "साहेब, काटा मधल्या मधेच उभा राहतो. जमेकडं जातच न्हाई. काहून?" त्याला सुटकेपेक्षा त्या काट्याचीच काळजी जास्त. कसला काटा, मला काही कळेना. पण मलाही ते कोडं चावायला लागलं.

विकलेला माल हस्तगत करायचा म्हणून मी वसमतला गेलो. हमालांना विचारत विचारत एका जिनिंग कारखान्यात पोचलो. तिथल्या तेलाच्या इंजिनावर एक म्हातारा मिस्त्री होता.

"चोरीची बॅटरी कुठाय?" मी दरडावलं.

"चोरीची?" तो हात पुसत म्हणाला. "त्यानं आणली, म्या इंजिनावर चार्जिंगला लावली, तो घेऊन गेला. तीच बॅटरी."

"मग त्यानं हे सांगितलं काहून न्हाई?"

मिस्त्रीनं आधी दाराकडं पाहिलं. "मॅनेजरला ठावं न्हाई. भायेरचं काम केलं म्हनून मला काढलं असतं. म्हनून त्यानं त्वांड शिवलं आसंल." मी त्याला कोठडीचं आणि थपडांचं सांगितलं. मग त्यानं खुंटीवरची टोपी घेतली. "दोन दिस मार खाल्ला म्हनता? चला, मी येतो."

नोकरी पणाला लावून तो माणूस माझ्याबरोबर हिंगोलीच्या गाडीत बसला. आजही त्याची आठवण आली की मी मनातल्या मनात हात जोडतो.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याच्या मोटारीच्या छपरीत सगळे जमलो. अमीनसाहेब खुर्चीवर, व्यापारी हाताची घडी घालून, ड्रायव्हर दोन शिपायांच्या मधे. मिस्त्रीनं बॅटरीची तिन्ही बुचं काढली, काचेच्या नळीत तेजाब, म्हणजे आतलं ॲसिड, ओढून एकेक घर तपासलं.

"जुन्या बॅटरीचं एखादं घर आधी मरतं, तळाला गाळ बसतो," तो म्हणाला. "हिची तिन्ही घरं सारखीच खाली. ही म्हातारी न्हाई, उपाशी हाय."

"मग हिचं जेवण कोण खातं?" माझ्या तोंडून निघून गेलं. अमीनसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, पण आता मला राहवत नव्हतं.

मिस्त्रीनं मला बोनेटजवळ बोलावलं. इंजिन फिरलं की पट्ट्यावर डायनॅमो फिरतो आणि वीज करतो. ती वीज बॅटरीत जाते. वाटेत कटआऊट नावाचा छोटा पत्र्याचा डबा. इंजिन चालू असेल तर तो वाट जोडतो, बंद झालं की तोडतो. नाहीतर बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत जाऊन वाया जाईल. आणि वीज येते की जाते, ते ड्रायव्हरपुढचा काटा सांगतो: आली की जमेकडं, गेली की खर्चाकडं.

हँडल मारून गाडी सुरू केली. मिस्त्रीनं इंजिनाचा वेग वाढवला. मी काट्यावर डोळा ठेवून होतो. तो मधेच उभा, ड्रायव्हर सांगत होता तसाच. मिस्त्रीनं गाडी बंद करून अंगठ्यानं पट्टा दाबला, ताण ठीक. डायनॅमोची पट्टी सरकवून आतले कार्बन पाहिले, तेही ठीक. पुन्हा गाडी सुरू केली आणि तारेचा एक तुकडा कटआऊटच्या दोन्ही स्क्रूंवर टेकवला, म्हणजे वीज डब्याला वगळून थेट जाईल.

काटा उठला! सरळ जमेकडं गेला.

"साहेब, गेला!" ड्रायव्हर शिपायांना ढकलून पुढं आला. कुणी त्याला अडवलं नाही.

"डायनॅमो बेकसूर," मिस्त्री म्हणाला. तार काढून त्यानं गाडी बंद केली. "अजून चार दिस अशीच पळवली असती तर तोबी जळाला असता. आता दरवानाला, ह्या डब्याला, इचारू."

त्यानं कटआऊटचं झाकण उचललं आणि तसाच थांबला. मी वाकून पाहिलं. आत तूप होतं, तुपात कालवलेलं हळदकुंकू होतं. आणि जी दोन टोकं एकमेकांना चिकटायची, त्यांच्या बरोबर मधे अक्षतेचा एक लाल दाणा रुतला होता.

व्यापाऱ्यानं हाताची घडी सोडली.

"हा दसऱ्याला गावी गेला व्हता," तो हळूच म्हणाला. "पूजा म्या केली. ह्यानंच एकदा सांगितलं व्हतं, हा डबा गाडीचा दरवान हाय म्हणून. म्हनलं, त्याला भायेरून टिळा कसा लावावा? झाकण काढलं, तूप-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, परत बसवलं."

"आन् म्या ते झाकण कधी उचललंच न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. "मिस्तरीनंच बजावलं व्हतं, ह्याला हात लावू नको."

अमीनसाहेब हसत सुटले. "जमादार, चोर तो चावल निकला! इसको हथकडी लगाओ!"

मिस्त्रीनं टोकं पुसून घासली. काटा तारेशिवाय जमेकडं गेला. व्यापारी ड्रायव्हरकडं न बघता म्हणाला, "फुडच्या वर्षी पूजा तूच कर बाबा."

"न्हाई मालक, तुमीच करा. मला दसऱ्याला घरी जायचं असतं. फकस्त झाकणावरून करा."

ठाण्यात आल्यावर अमीनसाहेब म्हणाले, "लिख दो, माल मिल गया, आपस में समझौता." मी दौत पुढं ओढली. ड्रायव्हर दाराशीच उभा होता.

"समझोता म्हंजे चोरी झाली व्हती का न्हाई, साहेब?" त्यानं मला विचारलं.

त्या शब्दानं तो जन्मभर अर्धा चोर राहिला असता. मी भीतभीत लिहिलं: तपासाअंती चोरी घडलीच नाही असे दिसून आले, इसम निर्दोष. मिस्त्रीच्या कारखान्याचा उल्लेख मुद्दाम टाळला. अमीनसाहेबांनी दोनदा वाचलं, माझ्याकडं रोखून पाहिलं आणि सही केली. ड्रायव्हर आणि मिस्त्री, दोघांच्याही नोकऱ्या राहिल्या.

पुढं बढती मिळून मी अधिकारी झालो. प्रत्येक फिर्यादीला पहिला प्रश्न हाच विचारायचो: त्या वस्तूला तुमचा स्वतःचा हात शेवटचा कधी लागला? किती गुन्हे त्या एका प्रश्नात विरघळले, सांगता यायचं नाही. आणि माणसाला विचारण्याआधी वस्तू तपासायची, हेही तेव्हापासून अंगवळणी पडलं.

ड्रायव्हर नंतरही बाजारात भेटायचा, हात वर करायचा. एकदा धीर करून मी त्या थपडांचा विषय काढला. तो सहज म्हणाला, "जाऊ द्या साहेब. तवा तुमाला कुठं ठावं व्हतं?"

ठाऊक नव्हतं, हे खरं. आणि ठाऊक नसतानाच मी हात उचलला होता. त्यानं माफ केलं, ते त्याचं मोठेपण. मला अजून जमलेलं नाही.